चारशे सोळा वर्षं आणि सोळा मिनिटं

गूगलवर वर्षाला पाच लाख कोटींहून अधिक शोध घेतले जातात, असं त्या कंपनीने मार्च २०२५ मध्ये सांगितलं. पाचावर बारा शून्यं. दिवसांनी भागलं तर रोजचे सुमारे १,३७० कोटी. सेकंदांनी भागलं तर दर सेकंदाला दीड लाखाच्या वर. हा परिच्छेद वाचून होईपर्यंत आणखी तीस-चाळीस लाख शोध झालेले असतील. त्याहून थक्क करणारी गोष्ट अशी, की रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध त्याआधी कुणीही, कधीही घेतलेले नसतात. म्हणजे रोज दोनशे कोटी नवेकोरे प्रश्न. पृथ्वीवरची माणसं आठशे कोटींच्या थोडी वर आहेत. दर चार माणसांमागे रोज एक असा प्रश्न, जो यंत्राला पूर्वी कुणी विचारलेलाच नव्हता.

या प्रत्येक प्रश्नाची नोंद होते. कुठे क्लिक केलं, किती वेळ थांबलं, कुठून मागे फिरलं, सगळं टिपलं जातं. या नोंदींवरून धंद्याची दिशा ठरवणं म्हणजे वेब आणि सोशल मीडिया ॲनालिटिक्स. एकेकाळी हे फक्त मोठ्यांना परवडायचं. गूगलने एप्रिल २००५ मध्ये सॅन दिएगोची अर्चिन ही कंपनी घेतली. महिन्याला शेकडो डॉलर मोजून मिळणारी तिची सेवा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘गूगल ॲनालिटिक्स’ या नावाने फुकट खुली झाली. झुंबड इतकी उडाली, की साधारण आठवडाभरातच नवी नोंदणी थांबवावी लागली. आज कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या मोबाइलवरही तेच आलेख दिसतात, जे बड्या कंपन्यांच्या दालनांत दिसतात.

आलेख तेच असले तरी त्यांतून मिळणारं ज्ञान तेच नसतं. या लेखाला तेवढंच सांगायचं आहे, आणि त्याचा पुरावाही आकड्यांतच आहे.

निळ्या रंगाच्या ४१ छटा

२००९ साली गूगलमधली एक गोष्ट बाहेर आली. दुव्यांसाठी नेमका कोणता निळा रंग वापरावा यावर एकमत होईना, म्हणून कंपनीने दोन निळ्यांच्या मधल्या ४१ छटा घेतल्या आणि प्रत्येक छटा वेगवेगळ्या लोकांना दाखवून कोणत्या छटेवर जास्त क्लिक होतात ते मोजलं. डग्लस बोमन हे तिथले प्रमुख दृश्य-डिझायनर. प्रत्येक निर्णय आकड्यांवर सोपवण्याच्या या पद्धतीला कंटाळून आपण नोकरी सोडत असल्याचं त्यांनी जाहीरपणे लिहिलं. पुढे २०१४ मध्ये गूगलच्या ब्रिटनमधल्या प्रमुखांनी सांगितलं, की जाहिरातींच्या दुव्यांसाठी योग्य निळा सापडल्यामुळे कंपनीला वर्षाला २० कोटी डॉलर जास्तीचे मिळाले. डोळ्यांना शेजारी शेजारी ठेवूनही धड ओळखू न येणारा फरक, आणि त्याची किंमत हजार कोटी रुपयांच्या वर.

मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राची कथा याहून बोलकी आहे. २०१२ मध्ये एका कर्मचाऱ्याने सुचवलं, की जाहिरातीच्या मथळ्याखालचा मजकूर मथळ्यालाच जोडावा आणि मथळा लांब करावा. अशा शेकडो सूचनांच्या ढिगात ही सूचना सहा महिन्यांहून जास्त पडून राहिली. शेवटी एका अभियंत्याला वाटलं, काम थोडंसंच आहे, करून बघू. त्याने काही लोकांना जुना मथळा आणि काहींना नवा मथळा दाखवायला सुरुवात केली. काही तासांतच धोक्याची सूचना वाजली, कारण उत्पन्न इतकं वाढलं होतं की कुठेतरी चूक असणार असं यंत्रणेलाच वाटलं. चूक नव्हती. उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढलं होतं. एकट्या अमेरिकेत वर्षाला १० कोटी डॉलरहून जास्त. बिंगच्या इतिहासातली ती सर्वांत कमाईची कल्पना ठरली, आणि ती सुचलेल्या माणसापासून तिचं काम रांगेत मागे ठेवणाऱ्यापर्यंत कुणालाही तिचं मोल आधी ओळखता आलं नव्हतं.

या प्रकाराला धंद्यात ‘ए/बी टेस्ट’ म्हणतात. अर्ध्यांना एक रूप, अर्ध्यांना दुसरं, आणि फरकाचं मोजमाप. मायक्रोसॉफ्टमध्ये हे काम उभं करणारे रॉन कोहावी यांनी नोंदवलं आहे, की गूगल आणि बिंगवरच्या प्रयोगांपैकी जेमतेम १० ते २० टक्केच फायद्याचे ठरतात. तिथली माणसं जगातल्या हुशार माणसांत मोडतात, आपल्या कामात मुरलेली असतात, आणि तरीही त्यांच्या दहा कल्पनांपैकी आठ-नऊ कल्पना ग्राहकाच्या हातात गेल्यावर काहीच फरक पाडत नाहीत किंवा नुकसान करतात.

पापणी लवण्याआधी

माणसाची पापणी लवायला साधारण १०० ते ४०० मिलिसेकंद लागतात. ॲमेझॉनने एकदा आपली पानं मुद्दाम १०० मिलिसेकंदांनी उशिरा उघडून पाहिली, तर विक्री एक टक्क्याने घटली. बिंगवर तेवढ्याच फरकाने उत्पन्न सुमारे ०.६ टक्के हलतं असं दिसलं. ज्या अभियंत्याने सर्व्हरचा वेग फक्त १० मिलिसेकंदांनी सुधारला, त्याने आपला वर्षभराचा सगळा खर्च भरून काढला, असा बिंगमधला हिशोब होता. ग्राहकाला हा उशीर जाणवतही नाही. विचारलं तर तो ‘पान लगेच उघडलं’ असंच सांगेल. पण लाखो ग्राहकांची वागणूक एकत्र केली की न जाणवलेल्या उशिराचा ठसा विक्रीवर स्पष्ट उमटतो.

आता हेच प्रयोग एकाच वेळी किती चालतात ते पाहा. बुकिंग डॉट कॉम या प्रवास-निवासाच्या संकेतस्थळावर कुठल्याही दिवशी हजाराहून जास्त चाचण्या एकत्र सुरू असतात. एका चाचणीत पानाची दोन रूपं असतात, दोन चाचण्यांत चार, तीन चाचण्यांत आठ. दहा चाचण्यांत १,०२४. तेहतीस चाचण्या झाल्या की रूपांची संख्या ८५८ कोटींवर जाते. म्हणजे पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला, कालच जन्मलेल्या बाळालासुद्धा, एकमेकांपासून निराळं पान दाखवता येईल, आणि तरी काही कोटी रूपं उरतील. हजार चाचण्यांत प्रत्येकी दोनच पर्याय धरले तरी होणारी रूपांची संख्या लिहायला ३०२ अंक लागतात. दृश्य विश्वातल्या सगळ्या अणूंची अंदाजे संख्या ८१ अंकांत मावते.

कोल्हापुरी चपलांचं दुकान

इथे थांबून एक हिशोब मांडू. समजा, कोल्हापुरी चपला विकणारं एक छोटं संकेतस्थळ आहे. रोज हजार लोक येतात आणि त्यातले पाच टक्के, म्हणजे पन्नास जण, खरेदी करतात. मालकाला वाटतं, ‘खरेदी करा’ या बटणाचा रंग बदलून पाहावा. फरक खरा आहे की योगायोगाचा, हे खात्रीने कळायला किती माणसं लागतील?

संख्याशास्त्रात यासाठी एक ढोबळ सूत्र वापरतात. खरेदी होण्याची शक्यता आणि न होण्याची शक्यता यांचा गुणाकार करा, त्याला १६ ने गुणा, आणि जो फरक शोधायचा आहे त्याच्या वर्गाने भागा. प्रत्येक रूपासाठी तेवढी माणसं हवीत. खरेदी ५ टक्क्यांवरून साडेसात टक्क्यांवर जाणार असेल, तर प्रत्येक रूपाला सुमारे १,२०० माणसं पुरतात; हजार रोजचे असले तर अडीच दिवसांची गर्दी. वाढ ५ वरून साडेपाच टक्के एवढीच असेल, तर दोन महिने लागतील. ५ वरून सव्वापाच असेल तर आठ महिने. फरक निम्मा झाला की लागणारी गर्दी चौपट होते. या एका नियमात सगळं गणित सामावलेलं आहे.

आता तो निळ्या छटेसारखा बारीक फरक घेऊ. खरेदी ५ टक्क्यांवरून ५.०१ टक्के झाली, दर दहा हजार माणसांमागे एक जोड जास्त विकला गेला. हा फरक पकडायला दोन्ही रूपांसाठी मिळून सुमारे १५ कोटी २० लाख माणसं लागतात. रोज हजार या वेगाने ती यायला ४१६ वर्षं लागतील. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. त्या दिवशी हा प्रयोग सुरू केला असता तर आजही तो पूर्ण झाला नसता. आणि गूगलवर? दर सेकंदाला दीड लाखाहून जास्त शोध धरले, तर १५ कोटी २० लाख शोध व्हायला लागतात सोळा मिनिटं.

एकाच प्रश्नाचं उत्तर एकाला सोळा मिनिटांत मिळतं आणि दुसऱ्याला चार शतकांत मिळत नाही. म्हणून बड्या कंपन्यांच्या यशाच्या कथा वाचून बटणांचे रंग बदलत बसणारा छोटा व्यावसायिक आपला वेळ वाया घालवतो. सोनाराच्या काट्यावर गुंज मोजता येते, वखारीच्या काट्यावर ती ठेवली तर काटा हलतही नाही. मोठ्या गर्दीला बारीक फरक परवडतो. ज्याच्याकडे गर्दी थोडी आहे, त्याने मोठा फरक शोधला पाहिजे.

मोठा फरक थोड्या लोकांत कसा दिसतो, याचं उदाहरण राजकारणातलं आहे. २००८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी बराक ओबामांच्या प्रचार संकेतस्थळावर डॅन सिरोकर या गूगलमधून आलेल्या तरुणाने एक चाचणी घेतली. पहिल्या पानासाठी चार प्रकारची बटणं आणि सहा प्रकारची चित्रं किंवा व्हिडिओ, मिळून २४ रूपं. आले ३,१०,३८२ लोक, म्हणजे एका रूपाच्या वाट्याला सुमारे १३ हजार. प्रचारातल्या लोकांची भिस्त व्हिडिओवर होती. प्रत्यक्षात प्रत्येक व्हिडिओ प्रत्येक चित्रापेक्षा मागे पडला. ओबामांचा कुटुंबासह फोटो आणि ‘अधिक जाणून घ्या’ असं बटण, ही जोडी जिंकली. नाव नोंदवणाऱ्यांचं प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेलं. पूर्ण प्रचारात यामुळे सुमारे २८ लाख ८० हजार जास्त ईमेल पत्ते आणि त्यांतून अंदाजे ६ कोटी डॉलरच्या जास्त देणग्या मिळाल्या, असा सिरोकर यांचा हिशोब आहे. इथे छटा बदलली नव्हती. लोकांसमोर काय ठेवायचं तेच बदललं होतं.

कोणता आकडा धरायचा

मोजायला किती माणसं हवीत याहून अवघड प्रश्न आहे तो काय मोजायचं हा.

यूट्यूब सुरुवातीला व्ह्यूज मोजत असे. त्यामुळे भडक मथळा आणि भडक चित्र लावून क्लिक मिळवणारे व्हिडिओ वर येत. २०१२ मध्ये कंपनीने शिफारशींसाठी लोक किती वेळ पाहतात ते धरायला सुरुवात केली. परिणाम तत्काळ दिसला: व्ह्यूज २० टक्क्यांनी घसरले. आलेखाकडे पाहून कुणीही माघार घेतली असती. कंपनी थांबली नाही. तिने २०१६ अखेरपर्यंत रोज १०० कोटी तास पाहिले जावेत असं लक्ष्य ठेवलं, जे त्या वेळच्या सुमारे दहापट होतं, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्येच ते गाठलं. १०० कोटी तास म्हणजे १ लाख १४ हजार वर्षं. माणूस शेती करू लागल्याला साधारण १२ हजार वर्षं झाली. त्याच्या नऊपटींहून जास्त काळ, रोज, पडद्यासमोर. कोणता आकडा धरायचा या एका निर्णयाने अब्जावधी माणसांचा दिवस बदलला, आणि त्यातली जबाबदारीही तेवढीच मोठी आहे.

नेटफ्लिक्सने २००६ मध्ये १० लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं. कुणाला कोणता चित्रपट आवडेल याचा कंपनीचा अंदाज जो १० टक्क्यांनी सुधारेल, त्याला ते मिळणार होतं. त्यासाठी १० कोटींहून जास्त मूल्यांकनं, ४ लाख ८० हजार प्रेक्षक आणि १७,७७० चित्रपट एवढी माहिती खुली केली गेली. जगभरचे गट जवळजवळ तीन वर्षं झटले. २००९ मध्ये जिंकणाऱ्या गटाने १०.०६ टक्के सुधारणा केली. तेवढीच सुधारणा करणारा दुसरा गट वीस मिनिटं उशिरा पोहोचल्याने हरला. आणि ते विजयी सूत्र नेटफ्लिक्सने पूर्ण वापरलंच नाही. मधल्या काळात धंदा टपालाने डीव्हीडी पाठवण्यावरून इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगकडे वळला होता. अंदाजातली तेवढी सुधारणा अमलात आणण्याचे कष्ट आता परवडणारे नव्हते. मोजमाप अचूक होतं, पण ज्या धंद्यासाठी ते केलं तो धंदाच बदलला होता.

व्याख्येत केलेला छोटासा बदलही आकडे कसे फुगवतो, हे २०१६ मध्ये दिसलं. व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो याचे दोन वर्षं दिलेले आकडे चुकीचे असल्याचं फेसबुकने मान्य केलं. चूक भागाकारात होती. समजा, हजार जणांनी एक व्हिडिओ मिळून ९,००० सेकंद पाहिला, तर सरासरी नऊ सेकंद. पण तीन सेकंदांच्या आत निघून गेलेल्या चारशे जणांना भागाकारातून वगळलं, की सरासरी होते पंधरा सेकंद. एका मोठ्या जाहिरातसंस्थेला फेसबुकने सांगितलं, की फुगवटा ६० ते ८० टक्के असू शकतो. त्याच काळात अनेक वृत्तसंस्थांनी लिहिणारी माणसं कमी करून व्हिडिओंकडे मोर्चा वळवला होता. जाहिरातदारांनी खटला भरला आणि २०१९ मध्ये ४ कोटी डॉलरची तडजोड झाली.

हे आजही घडतं आहे. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबवर ‘शॉर्ट’ हा छोटा व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा फिरला, की लगेच एक व्ह्यू मोजला जातो. किती वेळ पाहिला याची अट उरली नाही. त्या दिवशी अनेकांचे व्ह्यूज वाढले, प्रेक्षक मात्र तेवढेच होते. निर्मात्यांना पैसे देताना यूट्यूब अजूनही जुन्या पद्धतीचा, खरोखर पाहिल्याचा आकडा धरतं. आपणही तोच धरावा.

आपल्याकडचं उदाहरण क्रिकेटचं. २०१९ च्या विश्वचषकातला भारत-न्यूझीलंड उपान्त्य सामना, १० जुलै. हॉटस्टारवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख लोक पाहत होते. महेंद्रसिंग धोनी धावबाद झाला आणि आकडा काही मिनिटांत कोसळला. बाहेर पडणाऱ्या बहुतेकांनी मागे जाण्याचं बटण दाबलं, म्हणजे ते सगळे एकाच वेळी मुख्य पानावर आदळले. येणाऱ्यांचा आकडा सगळेच पाहतात. यंत्रणेची खरी कसोटी जाणाऱ्यांनी लावली. कोट्यवधी लोक एकदम निघाले तर काय होईल याची तयारीही त्या अभियंत्यांनी आधी करून ठेवली होती, म्हणून मुख्य पान तगलं. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हाच आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला, ऑस्ट्रेलियाच्या लोकसंख्येच्या दुपटीहून जास्त.

माणसं किती, यंत्रं किती

आकडा मोठा दिसला तरी तो माणसांचा आहे का, हे आधी विचारावं लागतं. २०१९ च्या पहिल्या तीन महिन्यांत फेसबुकने २१९ कोटी खोटी खाती बंद केली. त्याच वेळी महिन्यातून एकदा तरी फेसबुक वापरणारे होते २३८ कोटी. यातली बहुतेक खाती उघडताक्षणी पकडली गेली, पण प्रमाण लक्षात घ्या: जवळपास जेवढी माणसं, तेवढीच बनावट खाती, तीन महिन्यांत. इम्परव्हा या सुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार २०२४ मधल्या एकूण वेब वाहतुकीपैकी ५१ टक्के वाहतूक यंत्रांची होती. एका रात्रीत दुकानाच्या पानावर दहा हजार भेटी झाल्या म्हणून जास्तीचा माल भरण्याआधी त्या भेटींनी काय केलं ते पाहावं. एका सेकंदात येऊन जाणारं यंत्र चपला विकत घेत नाही.

दुसरा फसवणारा म्हणजे योगायोग. संख्याशास्त्रात साधारण पाच टक्के चूक पत्करून निष्कर्ष काढतात. काहीही परिणाम नसलेल्या दहा हजार चाचण्या घेतल्या, तरी सुमारे पाचशे चाचण्यांत फरक ‘सिद्ध’ झालेला दिसेल. घरच्या दुकानात हे वेगळ्या रूपात येतं. डॅशबोर्डवर वीस आकडे आहेत आणि कशातच खरा बदल नाही. तरी त्यातला निदान एक आकडा लक्षणीय हलल्यासारखा दिसण्याची शक्यता ६४ टक्के असते. जो रोज वीस आकडे पाहतो त्याला बहुतेक दिवशी काही ना काही शोध लागतो, आणि त्यातले बरेच शोध खोटे असतात.

डॅशबोर्डला पंचांग ठाऊक नाही

मराठी व्यावसायिकासाठी आणखी एक मोठी चकवणूक आहे. बहुतेक साधनं ‘गेल्या वर्षी याच महिन्यात’ अशी तुलना करून हिरवा किंवा लाल बाण दाखवतात. तो महिना इंग्रजी असतो, आणि आपली खरेदी चालते तिथीने. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणून गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला आली. २०२४ मध्ये ती ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. आरास, मोदकांचे साचे किंवा पूजासाहित्य विकणाऱ्याला ऑगस्ट २०२५ मध्ये विक्रीची प्रचंड झेप दिसेल आणि सप्टेंबरमध्ये दरी. झेपही खरी नाही आणि दरीही खरी नाही.

दिवाळीचंही तसंच. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. दिवाळीआधीची जवळपास सगळी खरेदी २०२४ मध्ये ऑक्टोबरात आटोपली, तर आदल्या वर्षी तिचा मोठा भाग नोव्हेंबरात झाला. आलेखावर भरवसा ठेवला तर ऑक्टोबर २०२४ ची जाहिरात फारच गुणकारी वाटेल आणि नोव्हेंबरची वाया गेलेली, आणि पुढच्या वर्षीचं जाहिरातीचं गणित त्यावर बेतलं जाईल. उपाय सोपा आहे: तुलना महिन्याशी न करता सणाशी करा. ‘चतुर्थीआधीचे तीस दिवस’ हा आपला महिना धरा. पेणच्या ज्या कारखान्यातून परदेशातल्या मराठी मंडळांकडे जहाजाने मूर्ती जातात, त्याच्यासाठी तर मोजायचा काळ चतुर्थीच्या कित्येक महिने आधी सुरू होतो. हे शहाणपण कुठल्याही परदेशी साधनात बसवलेलं नाही. ते आपल्यालाच घालावं लागतं.

एका विचारणेची किंमत

फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीचं २०२४ चं उत्पन्न १६४.५ अब्ज डॉलर होतं, जवळजवळ सगळं जाहिरातींचं. तिच्या सेवा रोज वापरणारी माणसं सुमारे ३३५ कोटी. भागाकार केला तर एका माणसामागे दिवसाला सुमारे ११ रुपये. आपण काय पाहतो, कशावर थांबतो, कशाकडे वळतो याच्या नोंदींवर हे ११ रुपये उभे आहेत.

एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर एक छोटी चौकट आणली: हे ॲप इतर ॲप्स आणि संकेतस्थळांवर तुमचा माग काढू इच्छितं, परवानगी देता का? असंख्य लोकांनी ‘नाही’ म्हटलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये मेटाने सांगितलं, की या बदलाचा त्या वर्षीचा फटका सुमारे १० अब्ज डॉलरचा असेल. फेसबुकचे रोजचे वापरकर्ते प्रथमच किंचित घटल्याचंही त्याच वेळी कळलं. दुसऱ्या दिवशी, ३ फेब्रुवारीला, शेअर २६ टक्क्यांनी कोसळला आणि कंपनीचं बाजारमूल्य २३० अब्ज डॉलरहून जास्त घटलं, त्या वेळच्या दराने सुमारे १७ लाख कोटी रुपये. दोनच दिवस आधी भारताचा २०२२-२३ चा अर्थसंकल्प मांडला गेला होता. त्यातला एकूण खर्च ३९.४५ लाख कोटी होता. देशाच्या वर्षभराच्या खर्चाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त रक्कम एका दिवसात गेली. लोकांना सरळ विचारलं गेलं आणि त्यांनी सरळ उत्तर दिलं. परवानगीशिवाय घेतलेल्या माहितीवर बांधलेला धंदा किती पोकळ जमिनीवर उभा असतो, ते त्या दिवशी दिसलं. आपल्याकडेही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाच्या भीतीपेक्षा ग्राहकाचा मान हे माहिती विचारून घेण्याचं खरं कारण असायला हवं.

थोड्या माणसांचं बळ

चपलांच्या त्या दुकानाकडे गूगलची गर्दी कधीच येणार नाही, आणि तिची गरजही नाही. त्याला तीनच गोष्टी नीट कळायला हव्यात: ग्राहक कुठून आले, कुठे अडले आणि परत आले का. समजा, हजारातले चारशे जण चपलेच्या पानावर पोहोचले, एकशे वीस जणांनी जोड निवडला आणि पन्नास जणांनी पैसे भरले. मग सत्तर माणसं अगदी शेवटच्या पायरीवरून परत गेली. त्यांनी चप्पल निवडली होती, माप निवडलं होतं, आणि तरी ती गेली. बटणाच्या रंगापेक्षा हे सत्तर जण शंभरपट महत्त्वाचे आहेत. कारण डाकखर्च शेवटी कळला हे असेल, माप चुकण्याची भीती असेल, परत कसं करायचं ते लिहिलेलं नसेल. यातलं काहीही सुधारलं तर पन्नासाचे पंच्याहत्तर होऊ शकतात, आणि एवढा मोठा फरक ओळखायला हजारोंची गर्दी पुरते, कोटींची लागत नाही. आठवड्याचे सगळे वार पाहून व्हावेत म्हणून निदान आठ-दहा दिवस थांबलं म्हणजे झालं.

सोशल मीडियावरही हाच नियम लागतो. दहा लाख व्ह्यूज मिळवणारी रील जर अशा शहरांत पाहिली गेली असेल जिथे दुकान माल पाठवतच नाही, तर तिच्यापेक्षा दोन हजार व्ह्यूज आणि वीस चौकशा आणणारी रील धंद्याची. फॉलोअर मोजण्याआधी विचारणाऱ्यांना मोजावं.

आणि छोट्या व्यावसायिकाकडे एक गोष्ट अशी आहे, जी गूगलला कितीही पैसे खर्चून मिळणार नाही. आकडा काय घडलं ते सांगतो; का घडलं ते सांगत नाही. ४१ छटांच्या प्रयोगातून कोणता निळा चालतो ते कळलं, तोच का चालतो हे कळलं नाही. रोज १,३७० कोटी वेळा प्रश्न विचारणाऱ्यांना कुणी फोन करू शकत नाही. सत्तर जणांपैकी ज्यांनी संमतीने नंबर दिला आहे अशा दहा जणांना दुकानदार संध्याकाळी फोन करू शकतो आणि ‘काय अडलं?’ एवढंच विचारू शकतो.

म्हणून ॲनालिटिक्सचं पान उघडण्याआधी एक कागद घ्यावा. ज्या आकड्याकडे पाहणार आहोत त्याचं नाव लिहावं. तो वाढला तर काय करू, घटला तर काय करू, हे दोन ओळींत लिहावं. दोन्ही ओळी सारख्याच निघाल्या, तर तो आकडा मोजण्याची गरज नाही. वेगळ्या निघाल्या, तर तेवढा एकच आकडा मन लावून, सणावाराचं भान ठेवून, पुरेसे दिवस मोजावा. पाच लाख कोटी नोंदींच्या या जगात धंदा पुढे नेण्यासाठी असे तीन-चार आकडे पुरतात, आणि ते निवडण्याचं काम अजून तरी माणसाचंच आहे.